कमी कार्बनच्या घरात राहताना : आर्वी तालुक्यातील आमच्या वस्तीचा अनुभव

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात, पावसाळ्यात नाल्याचे पाणी हमखास शिरायचे अशी आमची जुनी वस्ती उठवून गावालगतच्या उंचवट्यावर वीस-बावीस घरकुले बांधण्यात आली. प्रधानमंत्री आवास योजनेतून ग्रामीण भागासाठी मिळणारे 1 लाख 20 हजार रुपये, रोजगार हमीतील 90 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार रुपये, एवढ्यात घर बसवायचे होते. एका स्वयंसेवी संस्थेच्या तंत्रज्ञांनी त्यासाठी वेगळा मार्ग सुचवला. भाजलेल्या विटांऐवजी मुरमाड मातीत थोडे सिमेंट मिसळून हातयंत्राने दाबलेले ठोकळे वापरायचे आणि स्लॅबऐवजी वर्ध्यातच विकसित झालेल्या शंकूच्या आकाराच्या मातीच्या कवेलूंची (कौलांची) कमान घालायची, असे ठरले. ही कवेलू कुंभार चाकावर घडवतो. एकाच्या तोंडात दुसरे बसवत कमान पुढे सरकते आणि तिला लोखंडी सळई लागत नाही. आमची काळी माती ठोकळ्यांना चालत नाही, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून मुरूम मात्र जवळच्या टेकाडावरून आणावा लागला.

मी याच वस्तीत राहते आणि महिला बचत गटाची सचिव आहे. घरे बांधून झाल्यावर रहिवाशांची एक समिती नेमली गेली आणि घरांचा वापर व देखभाल नीट व्हावी हे पाहण्याचे काम माझ्याकडे आले. पर्यावरणपूरक घर बांधण्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्या घरात माणसे राहायला आल्यानंतर काय होते याविषयी फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर मांडत आहे.

या घरांना कमी कार्बनची घरे का म्हणतात, हे आम्हाला बांधकामाच्या वेळीच समजावून सांगण्यात आले होते आणि ते पटायला वेळ लागला नाही. चंद्रपूरकडे जाताना सिमेंटचे कारखाने आणि चुनखडीच्या खाणी आमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या आहेत. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे 1450 अंशांपर्यंत तापवावी लागते. त्यासाठी कोळसा जळतो, त्याचा धूर वेगळाच, पण खुद्द चुनखडीत कोंडलेला कार्बन डायऑक्साइडही त्या उष्णतेने मोकळा होतो. म्हणजे भट्टीचे इंधन बदलले तरी हा दुसरा भाग उरतोच. जगभरात माणसाच्या कामांतून हवेत जाणाऱ्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे होतो. विटाभट्टीचा धूर तर आमच्या रोजच्या पाहण्यातला. त्यामुळे न भाजलेला ठोकळा आणि सळईविना छत यांचा हिशेब लोकांना समजला. पण हा हिशेब घर बांधून होईपर्यंतचा होता. त्यानंतर त्या घरात चाळीस-पन्नास वर्षे चूल पेटणार, पंखा फिरणार, पाणी तापणार आणि दुरुस्त्या होणार, त्या सगळ्याचा हिशेब घरात राहणाऱ्यांच्या हातात असतो.

राहायला आल्यानंतर पहिली अडचण आली ती लाजेची. आजवर कुडाच्या आणि मातीच्या घरात आयुष्य गेलेल्या माणसाला ‘सरकारी घरकुल’ म्हटले की डोळ्यांसमोर स्लॅब येतो, कारण शेजारच्या सगळ्या गावांत तसेच झाले आहे. माझ्या शेजारच्या काकूंनी मला एकदा स्पष्टच विचारले, ‘‘ताई, पोरीले पायाले पाव्हणे येतीन तं काय म्हणतीन? यायले मातीचं घर सुटलंच नाई, असंच ना?’’ या प्रश्नाला पर्यावरणाचे उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. त्यांच्या मुलीचे लग्न जुळणे हा त्यांच्या दृष्टीने हवामानबदलापेक्षा कितीतरी जवळचा प्रश्न होता, आणि तो तसाच असायला हवा. मात्र त्याच लाजेपोटी काही घरांनी बाहेरच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट लावला. मातीच्या ठोकळ्यांच्या भिंतीला आत-बाहेर श्वास घ्यायला जागा लागते. वरून सिमेंट आणि रंगाचा थर बसला की आतला ओलावा कोंडतो. पहिल्याच पावसाळ्यानंतर जमिनीपासून हातभर उंचीवर रंगाला फुगे आले, फुगा नखाने दाबला की पापुद्रा सुटून त्यामागून ओलसर माती भुरभुर खाली पडायची. खर्च झाला होता, भिंतही खराब झाली होती, आणि त्या घरातील माणसे मनाने खट्टू झाली होती. अशा वेळी ‘आम्ही आधीच सांगितले होते’ म्हणून त्यांना घेरणे म्हणजे त्यांना समितीपासून कायमचे तोडणे ठरले असते. समितीने ती भिंत खरवडून पुन्हा चुना-मातीचा गिलावा करून देण्याचे काम श्रमदानाने केले आणि तेव्हा वस्तीतील बहुतेक पुरुषमंडळी ते काम स्वतःच्या हाताने शिकली.

त्याच सुमारास आम्ही सगळे मिळून सेवाग्रामला गेलो. आमच्या जिल्ह्यातलेच ठिकाण; तरी शाळेच्या सहलीनंतर तिथे पुन्हा कुणी फारसे गेले नव्हते. 1936 साली गांधीजी तिथे राहायला आले. परिसरात मिळणाऱ्या साधनांनी आणि मर्यादित खर्चातच कुटी बांधावी असा त्यांचा आग्रह होता. मातीच्या भिंती, बांबू, कवेलूचे उतरते छत आणि भिंतीवर पाऊस येऊ न देणारी खोल ओसरी आमच्या मंडळींनी आता घर बांधणाऱ्यांच्या नजरेने पाहिली. ‘‘ओसरी इतकी बाहेर काढली म्हणून भित टिकली बरं,’’ असे आमच्यातले एक जुने गवंडी भिंतीवर हात ठेवून म्हणाले, आणि परतल्यावर आमच्या पश्चिमेकडच्या भिंतींवर बांबू-कवेलूची पडवी उतरवण्याचा विषय त्यांनीच काढला. पण त्याच सहलीत एका बाईंनी म्हटलेलेही मला तितकेच महत्त्वाचे वाटते. त्या म्हणाल्या, ‘‘गांधीजीनं मनानं मातीत रायणं पत्करलं. आमी तं गरिबीनं रायलो.’’ गरीब माणसाला साधेपणाचा उपदेश करण्यापूर्वी हा फरक प्रत्येकाने ध्यानात घ्यावा असे मला मनापासून वाटते. आमच्या वस्तीतील माणसे आधीपासूनच फार कमी वीज, फार कमी पाणी आणि फार कमी वस्तू वापरत होती. त्यांना कमी करा म्हणून सांगायचे काही नव्हते. त्यांच्या राहण्यात जे चांगले आहे ते लाज वाटून सुटू नये आणि जे त्रासाचे आहे ते मात्र सुटावे, एवढेच आमच्या कामाचे स्वरूप असायला हवे होते.

उन्हाळ्यातील खिडक्यांचा विषय या दृष्टीने फार शिकवणारा ठरला. आमच्याकडे मे महिन्यात पारा सहज 45 अंशांपर्यंत जातो. नऊ इंच जाडीची मातीची भिंत दिवसभर उष्णता धरून ठेवते आणि रात्री हळूहळू आतल्या बाजूला सोडते. म्हणून या घराचा नियम असा की सकाळी आठ-नऊच्या आत खिडक्या बंद कराव्यात, दिवसभर गरम वारा आत येऊ देऊ नये आणि रात्री सगळ्या खिडक्या उघडून भिंती थंड होऊ द्याव्यात. तंत्रज्ञांनी हे सांगितले होते, चित्रे काढून दाखवली होती. तरीही घरोघर उलटेच चालले होते : दिवसा उजेडासाठी खिडक्या उघड्या आणि रात्री घट्ट बंद. बाहेरून आलेल्या एका पाहुण्यांनी यावर लोकांत जागृती कमी असल्याचा शेरा मारला. मी घरोघर जाऊन विचारले तेव्हा कारण साधे निघाले. रात्री खिडकी उघडी ठेवली तर डास येतात, विंचूकाट्याची भीती असते, आणि नाल्याच्या बाजूच्या घरांना सापाचीही. ज्या घरात लहान मूल जमिनीवर झोपते, त्या घरातील आईने खिडकी उघडावी अशी अपेक्षा कोण करणार?

बचत गटातून आम्ही जाळीचे गुंडाळे ठोक भावात आणले आणि वस्तीतील सुतारकाम जाणणाऱ्या मुलांनी प्रत्येक खिडकीला लाकडी चौकटीत जाळी बसवून दिली. त्यानंतर कुणाला काही समजावून सांगावे लागले नाही. रात्री खिडक्या आपोआप उघड्या राहू लागल्या आणि पहाटे बंद करण्याचे काम घरातील जी व्यक्ती सर्वांत आधी उठते तिच्याकडे गेले. ती व्यक्ती बहुतेक घरांत सून असते हे येथे नमूद केले पाहिजे, कारण पर्यावरणपूरक सवयींचा भार घरात कुणावर पडतो याचा विचार आमच्या समितीला पुढे अनेकदा करावा लागला.

कूलरबाबतही असेच झाले. कूलर मातीच्या घरातही लागतो; नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत तो नको म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण बहुतेक घरांत कूलर खोलीच्या आत ठेवून दारे-खिडक्या बंद केल्या जात. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढतो आणि पाणी सुकताना हवेतील उष्णता घेते, त्यामुळे थंडावा येतो. खोली बंद असली तर तीच दमट हवा पुन्हा पुन्हा फिरते, पाणी सुकत नाही, अंगाला चिकचिक होते आणि लोक कूलरचा वेग वाढवतात. कूलर खिडकीबाहेर ओट्यावर, शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या सावलीत बसवून समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवली की मंद वेगातही खोली थंड राहते. हे सांगण्यापेक्षा एका घरात करून दाखवले. दुपारी दोन वाजता जमलेल्या बायकांनी आधी बंद खोलीत आणि मग खिडकी किलकिली करून स्वतः बसून पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी ओट्यांसाठी उरलेले ठोकळे मागायला लोक माझ्या दारात उभे होते. उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी येते अशा गावात कूलरचे पाणी वाचणे हाही मोठाच लाभ होता.

विजेचा विषय मात्र आम्हाला जास्त काळ पुरला. ‘एक युनिट वीज म्हणजे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड’ हे वाक्य मी सभेत सांगत असे, आणि ते खरेही आहे, कारण आपली बरीचशी वीज कोळशावर तयार होते. चंद्रपूर आणि कोराडीची वीजकेंद्रे आमच्यापासून काही फार लांब नाहीत. पण सातशे ग्रॅम वायू कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. विजेच्या मीटरवरचा लाल दिवा दिसतो. आमच्या मीटरवर 3200 हा आकडा छापलेला आहे. म्हणजे तो दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट होते. आठवीत शिकणाऱ्या आमच्या मुलींनी एका संध्याकाळी घरातले सगळे बंद करून एकेक वस्तू सुरू केली आणि दिवा मोजला. 9 वॅटचा एलईडी दिवा लावला तेव्हा पुढची लुकलुक यायला जवळजवळ दोन मिनिटे लागली आणि बघणाऱ्यांना वाटले मीटर बंद पडले. जुना 75 वॅटचा पंखा लावला तर मिनिटाला चार. मग पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड बादलीत सोडला आणि दिवा असा काही धावू लागला की मोजणारीचे ओठ मागे पडले; मिनिटाला ऐंशीच्या आसपास. त्या बादलीकडे आणि मीटरकडे आळीपाळीने पाहणाऱ्या बायकांचे चेहरे मला अजून आठवतात. आंघोळीचे पाणी उन्हात तापवण्यासाठी छताजवळ काळ्या रंगाच्या टाक्या बसवण्याची मागणी त्याच रात्री पुढे आली.

याच वेळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. जुन्या पद्धतीच्या मोठ्या डब्याच्या रेग्युलेटरने पंखा हळू केला तरी लुकलुक फारशी कमी होत नव्हती, कारण त्या रेग्युलेटरमध्ये उरलेली वीज उष्णता होऊन वाया जाते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने मात्र ती कमी झाली. अशा बारीक गोष्टी पत्रकात छापून पोचत नाहीत.

तरुण मुलांनी पुढे समाजमंदिराच्या भिंतीवर फळा लावला आणि दरमहा प्रत्येक घराचे युनिट त्यावर लिहायला सुरुवात केली. महावितरणच्या दरपत्रकात शंभर युनिटांनंतर दर एकदम वाढतो हे सर्वांना माहीत असल्याने शंभरची रेघ लाल खडूने काढली गेली. शंभरच्या वरच्या घरांत खरोखरच काटकसर सुरू झाली. पण खालच्या घरांचे आकडे दुसऱ्या महिन्यापासून वर जाऊ लागले. ‘सगळ्यायचं सत्तर-ऐंशी हाये, आपलंच काऊन चाळीस?’ असा विचार घरोघर झाला. आम्हाला हे अनपेक्षित होते. संस्थेतील एका ताईंनी सांगितले की असा अनुभव इतरत्रही नोंदला गेला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस येथे सुमारे तीनशे घरांना शेजाऱ्यांचा सरासरी वापर कळवला गेला, तेव्हा जास्त वापरणाऱ्यांनी कमी केला आणि कमी वापरणाऱ्यांनी वाढवला. मात्र कमी वापरणाऱ्यांच्या आकड्यापुढे हसरा चेहरा काढल्यावर ही वाढ थांबली. हा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. त्याच ताईंनी न्यू जर्सीतील ट्विन रिव्हर्स या वसाहतीविषयीही सांगितले. तिथे 1970 च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांना एकसारख्या बांधणीच्या घरांत ऊर्जेचा वापर दुपटीहून अधिक फरकाने वेगळा आढळला, आणि रहिवासी बदलले की त्याच घराचा वापर बदलत असे. आमची घरेही एकाच साच्यातील. आणि तरीही फळ्यावरचे आकडे चाळीसपासून एकशे तीसपर्यंत पसरलेले होते.

आम्ही फळा ठेवला, पण त्याची रीत बदलली. घरांची नावे काढून टाकली. प्रत्येक घराला वेगळ्या चिठ्ठीवर त्याचाच गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा आकडा शेजारी लिहून दाखवू लागलो. कमी वापराच्या घरांच्या चिठ्ठीवर मुली फूल काढत. हे करत असताना सर्वांत कमी आकड्याच्या घराकडे मी मुद्दाम गेले. तिथे एक विधवा बाई दोन मुलांसह राहतात. पंखा नादुरुस्त होता आणि वीजबिलाच्या भीतीने त्यांनी तो दुरुस्तच केला नव्हता. मे महिन्यात त्या मुलांना घेऊन अंगणात ओले फडके पांघरून झोपत. त्यांच्या चिठ्ठीवर फूल काढणे मला लाजिरवाणे वाटले. काटकसर वेगळी आणि उणीव वेगळी. पर्यावरणाची जबाबदारी सांगताना हा फरक विसरला तर ज्यांच्यामुळे वातावरण सर्वांत कमी बिघडले त्यांच्यावरच आपण आणखी एक ओझे टाकतो. बचत गटाच्या बिनव्याजी कर्जातून त्यांच्याकडे 30 वॅटच्या आसपास चालणारा नव्या पद्धतीचा पंखा आला. त्यांचे युनिट वाढले, आणि ही वाढ योग्यच आहे अशी नोंद समितीने आपल्या वहीत करून ठेवली.

चुलीबद्दल थोडक्यात लिहिते. उज्ज्वला योजनेतून बहुतेकांकडे गॅस आला आहे, पण 14.2 किलोचे सिलिंडर संपले की लगेच दुसरे आणणे जमतेच असे नाही. कापूस निघाला की पऱ्हाट्या आणि तूर निघाली की तुराट्या फुकटच दाराशी येऊन पडतात. त्यामुळे चहा-भाजी गॅसवर आणि भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवर अशी वाटणी सगळीकडे दिसते. धुरामुळे डोळे आणि छाती बिघडते हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. ज्यांच्याकडे चार-पाच जनावरे आहेत अशा घरांना 2 घनमीटरचा दीनबंधू पद्धतीचा गोबरगॅस सुचवला. त्याला रोज 50 किलोच्या आसपास शेण लागते. गॅस फुकट मिळेल या सांगण्याने एकाच घरची माणसे राजी झाली. त्या घराच्या कपाशीत स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर उरलेला शेणकाला, टाकल्यानंतर पऱ्हाटीचा हिरवेपणा बांधावरून जाणाऱ्यांना दिसला, तेव्हा पुढची घरे आपणहून आली, आणि अर्ज घेऊन आली ती बायकांऐवजी पुरुषमंडळी, कारण खताचा विषय शेताचा होता. एक काळजी मात्र सतत घ्यावी लागते. गोबरगॅसमध्ये मिथेन असतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता रोखतो. त्यामुळे जास्तीचा गॅस हवेत सोडून देणे किंवा गळकी नळी तशीच ठेवणे म्हणजे केलेल्या कामावर पाणी फिरवणे होय. साबणाच्या फेसाने सांधे तपासायला शिकलेल्या दोन मुली आता आठवड्याला सगळ्या संयंत्रांवरून फिरून येतात.

देखभालीचा प्रश्न मी मुद्दाम शेवटाकडे घेतला, कारण आमची सर्वांत लांबलेली चर्चा त्यावरच झाली. मातीच्या घराला दरवर्षी हात लावावा लागतो : होळीनंतर छताला चुन्याचे दोन हात, म्हणजे ऊन परतवले जाते, पावसाळ्याआधी गिलाव्याच्या भेगा बुजवणे, दिवाळीपूर्वी सारवण. सारवण आणि सडा हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बाईचेच काम. दिवसभर निंदण किंवा वेचणी करून आलेल्या बाईला पर्यावरणासाठी भिंतीही सारवायला सांगितल्या तर तिला स्लॅबचे घर प्यारे वाटणारच, आणि त्यात तिचे काही चुकत नाही. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर लोक समाजमंदिरात बसतात, तिथे हा विषय निघाला. बायका सुरुवातीला बोलल्या नाहीत. मग एका सासूबाईंनीच सुनेच्या बाजूने सांगितले, ‘‘घर दोघायचं हाये तं माती काऊन एकटीनंच कालवावं?’’ त्यावर बरीच गरमागरमी झाली, दोन बैठका तशाच निष्फळ उठल्या. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावात निर्णय बहुमताने न घेता सर्वांची संमती होईपर्यंत थांबतात हे आमच्यातील काहींनी ऐकले होते; त्याच रीतीने थांबायचे ठरले. अखेर छताचा चुना आणि बाहेरच्या भिंती पुरुषांकडे, आतले सारवण ज्या घरात जसे जमेल तसे, आणि ज्या घरात पुरुष नाही तिथले काम श्रमदानाने, अशी वाटणी सर्वानुमते झाली. वेचणीच्या हंगामात बैठक घ्यायची नाही हा ठरावही त्यासोबतच झाला, कारण त्या दिवसांत बायका अंधार पडल्यावर घरी येतात आणि त्यांच्यावाचून घेतलेला निर्णय टिकत नाही.

राज्य सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ या पर्यावरण अभियानाची ई-शपथ गावाने घेतली होती, तान्ह्या पोळ्याला मुलांनी नंदीबैल थर्माकोलऐवजी पळसाच्या पानांनी आणि कापसाच्या बोंडांनी सजवले होते. अशा प्रसंगांनी उत्साह टिकतो आणि मला ते आवश्यकही वाटतात. मात्र आमच्या वस्तीत जे वागणे बदलून टिकले, त्या प्रत्येकामागे एक जाळी, एक ओटा, एखादे कर्ज किंवा कामाची वाटणी उभी आहे.

सध्या समितीपुढे छतावरील सौरऊर्जेचा प्रश्न आहे. केंद्राच्या सूर्यघर योजनेत 2 किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला 30 हजार रुपयांचे अनुदान मिळते आणि 1 किलोवॅटच्या संचातून महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट वीज निघू शकते. पण आमच्या कवेलूच्या कमानीवर पॅनेलचा सांगाडा बसत नाही. तो अंगणात लोखंडी खांबांवर उभारावा लागेल आणि त्याचा खर्च वेगळा आहे. शिवाय महिन्याला पन्नास युनिट वापरणाऱ्या घराला त्यातून फार थोडा लाभ होतो, तर एकशे तीस वापरणाऱ्याला भरपूर, आणि कर्जाचा हप्ता मात्र दोघांना सारखाच. गेल्या सभेत यावर असे ठरले की ज्या घरांत अजून जुने पंखे आहेत किंवा पश्चिमेच्या भिंतीवर पडवी नाही, त्या घरांची कामे बचत गटाच्या पैशातून आधी पूर्ण करायची. त्यानंतर शंभर युनिटांच्या वर जाणारी घरे स्वतःच्या कर्जातून संच उभारतील आणि त्यासाठी गटाचा पैसा मागणार नाहीत. पडव्यांसाठी बांबू सांगून ठेवला आहे आणि कुंभारदादांनी कवेलूंची भट्टी दिवाळीनंतर लावण्याचे कबूल केले आहे.